झेब्रा माशाची अंडी मिळतात, पिल्लं जगत नाहीत. नेमकं कुठे बिनसतंय?

पाणकोंबडी
नमस्कार मंडळी. घरी दोन फुटी टँक आहे. त्यात सात-आठ झेब्रा, हनी गुरामीची एक जोडी आणि गप्पींचा गोतावळा. गप्पींबद्दल काही विचारायचं नाही, ते मला न विचारता वाढतात. प्रश्न झेब्रांचा आहे.

पहाटे दिवा लावला की नर माद्यांच्या मागे लागतात. थोड्या वेळाने तळाच्या खडीत बारीक पारदर्शक अंडी दिसतात आणि मी चहा टाकून येईपर्यंत नाहीशीही झालेली असतात. ज्यांनी घातली तेच खातात. मागच्या खेपेला थोडी अंडी ड्रॉपरने उचलून वेगळ्या भांड्यात ठेवली. फुटली. पिल्लं सुरुवातीला काचेला चिकटून नुसती लटकत होती, मग पोहायला लागली आणि तिथून रोज कमी कमी होत आठवड्याभरात भांडं रिकामं. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून घालत होते, दुकानदाराने तसं सांगितलं होतं. पाणी नळाचंच, रात्रभर बादलीत ठेवलेलं. अंडी वाचवायचा सोपा उपाय काय आणि फुटल्यावर पिल्लांना द्यायचं काय? मोठा खर्च करायचा नाहीये, घरात आधीच "अजून एक डबा आणलास तर बघ" अशी ताकीद मिळाली आहे.

टवाळ_टाळकुटे
चहा सोडा. प्रश्न सुटला. (हलके घ्या)

मीनल_डोंबिवली
अंडी वाचवण्याचं सोपं आहे, पाणकोंबडीताई. भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली घ्या. तिची भोकं अंड्यांपेक्षा मोठी आणि माशांपेक्षा लहान हवीत. छोट्या टबात ती तरंगत ठेवायची, आदल्या संध्याकाळी दोन माद्या आणि एक-दोन नर टोपलीत सोडायचे. सकाळी अंडी जाळीतून खाली पडतात, मोठे मासे वरच राहतात. टोपली उचलली की काम झालं. झेब्राची अंडी चिकट नसतात म्हणून हे जमतं. टोपली नसेल तर तळाशी गोट्यांचा थर द्या, खेळायच्या काचेच्या गोट्या. अंडी फटीत जातात, तोंड पोचत नाही.

पिल्लांचं मात्र मलाही फार जमलेलं नाही, त्यामुळे वाचतेय.

टीडीएस_मीटर
पाणी कुठलं? शहर सांगा. पुण्यात धरणाचं पाणी मऊ येतं, आमच्याकडे संभाजीनगरला बोअरचं पाणी दगडासारखं जड, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ९०० दाखवतो. गप्पी आणि मोली खूश, बाकीच्यांनी हात टेकले. पाण्याचा पत्ता लागल्याशिवाय औषध सांगण्यात अर्थ नाही.

पाणकोंबडी
@टीडीएस_मीटर, पुणेच. कोथरूड.

प्रयोगशाळेतला_उंदीर
हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. मी पोटापाण्यासाठी झेब्राच पाळतो, हजारोंनी. जरा लांबण लावतो.

हा आपलाच मासा. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना त्याची नोंद केली. अमेरिकेत ऑरेगनला जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर काम केलं, १९८१ साली त्यांचा शोधनिबंध आला आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा शिरला. कारण सोपं आहे. अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि आरपार दिसतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या दिवशी हृदय धडधडताना दिसतं. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं याच्यात सापडतात.

आता तुमचं. आमच्याकडे खोलीत १४ तास उजेड, १० तास अंधार असतो आणि पाणी २८ अंशांच्या आसपास. नर-मादी रात्री एकाच भांड्यात, पण मधे आडवी काच. सकाळी दिवे लागल्यावर काच काढली की अर्ध्या-पाऊण तासात अंडी. जातिवंत पोसलेली मादी एका वेळी शंभर-दीडशे अंडी सहज देते, मात्र आठवडाभर तरी विश्रांती द्यायची. घरी काच नको, मीनलताईंची टोपली पुरे. फक्त नर संध्याकाळी वेगळे ठेवा आणि सकाळी सोडा.

अंडी काढल्यावर स्वच्छ पाण्यात दोनदा धुवा. पाणी मेथिलीन ब्लूने (बुरशी रोखणारं निळं औषध) फिकट निळं करा, शाईसारखं गडद नव्हे. तासाभराने बघा, पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात. ती काढलीच पाहिजेत, नाहीतर बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते. दोन ते तीन दिवसांत फुटतात. पिल्लं काचेला लटकतात तेव्हा पोटाखाली स्वतःचा बलक असतो, त्यांना खायला काही लागत नाही. साधारण पाचव्या दिवशी ती पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घेतात. त्या हवेने पोहण्याची पिशवी फुगते आणि मग ती आडवी पोहू लागतात.

तुमच्या भांड्यात बहुधा इथेच गडबड झाली. कोंबडीच्या अंड्याच्या बलकाचा तेलकट तवंग पाण्यावर धरतो. तवंग फोडून पिल्लाला हवा घेता येत नाही. ज्यांना घेता आली त्यांना सडलेल्या बलकाचा अमोनिया भोवतो. पिल्लू उपाशी मरण्याआधी पाणी त्याला मारतं.

गजाननराव_नागपूर
उंदीरसाहेब, बलकाची एवढी बदनामी नको. आम्ही तीस वर्षं बलकावरच पिल्लं काढली. गोल्डफिशची, एंजलची, सगळ्यांची. टाचणीच्या डोक्याएवढा बलक, मलमलच्या फडक्यात बांधून पाण्यात एकदा हिसळायचा आणि तासाभरात तळ साफ करायचा. हल्लीच्या लोकांना साफसफाई नको असते.

प्रयोगशाळेतला_उंदीर
काका, मान्य. तुमच्यासारखा दर तासाला तळ साफ करणारा माणूस असेल तर बलक चालतो. शिवाय गोल्डफिशची पिल्लं झेब्राच्या पिल्लांपेक्षा दणकट. नोकरी करणाऱ्या माणसाला बलक झेपत नाही, एवढंच माझं म्हणणं.

गजाननराव_नागपूर
हे बरोबर बोललात. आम्ही निवृत्त.

अण्णा_फायटरवाले
मुख्य गोष्ट अजून कोणी बोललंच नाही. खाद्य आधी तयार करायचं, मासे मग जोडीला लावायचे. नवीन लोक अंडी दिसल्यावर खाद्य शोधायला निघतात. तोवर पिल्लं उपाशी.

मी फायटर माशांची पैदास करतो म्हणून त्यांचं सांगतो, हिशोब तोच. नर फेसाचं घरटं बांधतो. मी पाण्यावर देशी बदामाचं वाळलेलं पान सोडतो, रस्त्यावर खंडीभर पडलेली असतात. त्याखाली घरटं टिकतं आणि पाणी चहासारखं होऊन किंचित आंबट होतं, बुरशी कमी लागते. नर मादीला वेटोळं घालतो, अंडी गळतात, तो ती तोंडाने उचलून फेसात बसवतो. काम झालं की मादी बाहेर काढायची, नाहीतर तो तिच्या चिंध्या करतो. दीड-एक दिवसात अंडी फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांत पिल्लं आडवी पोहायला लागली की नरही बाहेर.

पण हे सगळं सुरू करण्याच्या आठवडाभर आधी माझ्याकडे दोन बाटल्या लावलेल्या असतात. इन्फुसोरियाची, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची, बाटली अशी: टँकचं जुनं पाणी, त्यात कोबीचं एक पान किंवा मूठभर वाळलेलं गवत, तोंडाला फडकं, खिडकीत ठेवायची. आधी पाणी पांढुरकं होऊन वास मारतं. त्या वेळी वापरायचं नाही. चार-सहा दिवसांनी पाणी निवळतं, मागे बॅटरी धरली की धुळीसारखे कण स्वतःहून फिरताना दिसतात. ते खाद्य. दुसरी बाटली मायक्रोवर्मची. ओट्सची घट्ट पेज, त्यावर कोणाकडून तरी आणलेलं चमचाभर विरजण. कडेला जंत चढतात, बोटाने पुसून घ्यायचे.

मग आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम खडे मीठ, त्यात आर्टेमियाची वाळलेली अंडी, खालून जोरात हवा, ऊब. साधारण एका दिवसात शेंदरी रंगाचे जीव निघतात. टरफलं वर येतात, ती द्यायची नाहीत. फायटरच्या पिल्लांना हे जवळजवळ पहिल्या दिवसापासून गिळता येतं. झेब्राचं तोंड लहान, त्यांना सुरुवातीचे काही दिवस इन्फुसोरियाच.

टवाळ_टाळकुटे
अण्णा, दीडशे पिल्लांतले निम्मे नर. मोठे झाले की एकमेकांना फाडतात म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी. म्हणजे पंचाहत्तर बरण्या. घरात लोणचं कशात घालता?

अण्णा_फायटरवाले
लोणचं विकत आणतो.

मीनल_डोंबिवली
😂 वहिनींचं मत वाचायला आवडेल.

अण्णा_फायटरवाले
वहिनींनीच बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, कोणाचे आई-बाप कोण ते. मला आठवत नाही.

वऱ्हाडी_वांगं
कोणी विजेबद्दल बोला ना. आमच्या इकडं मे महिन्यात पारा ४५ आणि त्यात चार-चार तास लाईट नसते. पाणी तापलं की त्यात हवा कमी धरते, मासे वर येऊन तोंड वासतात. म्या काय करतो, टँकचं झाकण काढतो, वर बारीक जाळी टाकतो आणि इन्व्हर्टरवर छोटा पंखा पाण्याच्या दिशेनं लावतो. दोन-तीन अंश उतरते. पाणी लवकर आटते, पण ते भरता येते. पंपाला बॅटरीचा पर्याय ठेवाच. पिल्लांच्या डब्यात मोटरवाला फिल्टर तर नकोच, सगळी पिल्लं ओढून घेते. स्पंज फिल्टर.

जर्सीतला_जोशी
आमच्याकडे नळाला क्लोरीन नाही, क्लोरामीन असतं. ते रात्रभर बादलीत ठेवून उडत नाही. इकडच्या कोणी हा धागा वाचला तर लक्षात ठेवा, औषध टाकावंच लागतं. पुण्यात काय असतं?

टीडीएस_मीटर
आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साधं क्लोरीन, ते रात्रभरात उडतं. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर आणखी लवकर. पण पहिला जोरदार पाऊस झाला की गढूळ पाण्यामुळे पालिका क्लोरीन वाढवते, बादलीवर वाकलं की वास येतो. तेव्हा हायपोचे एक-दोन खडे टाका. पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तेच, सोडियम थायोसल्फेट. मत्स्यालयाच्या दुकानात त्याचंच पाणी करून बाटलीत दहापट भावाने विकतात.

आणि आरओचं पाणी गप्पींना देऊ नका, कोणी विचारण्याआधीच सांगतो. पुण्याचं नळाचं पाणी झेब्राला उत्तम आहे.

हिरवा_देव्हारा
मला पाणकोंबडीताईंच्या गप्पींमध्ये रस आहे. जास्त झालेल्यांचं काय करता? आमच्या सोसायटीत एका काकांनी पन्नासेक गप्पी जवळच्या तळ्यात सोडले, "डास कमी होतील, पुण्य लागेल" म्हणून.

पाणकोंबडी
खरं सांगायचं तर माझाही तोच विचार होता. पालिकावालेही गप्पी सोडतातच की.

सत्तरीचो_रानमाणूस
सोडू नका हो! हात जोडून सांगतो.

गप्पी मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला भागातला. पालिका बंद टाक्यांत, कारंज्यांत, बांधकामाच्या खड्ड्यांत सोडते तिथपर्यंत ठीक. ओढ्या-तळ्यात गेला की तिथल्या माशांच्या खाण्यावर आणि अंड्यांवर ताव मारतो. एकच गाभण मादी पुरते, कारण ती नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते आणि नर नसतानाही महिन्या-महिन्याला विते. उजनीत सकर माशाने काय केलंय ते भीमेकाठच्या मासेमारांना विचारा. तोही कोणाच्या तरी टँकमधूनच गेला. लहान असताना काच चाटतो म्हणून आणायचा, फूटभर झाला की "बिचारा, नदीत सोडू".

आमच्या गोव्यात ओहोळांत आणि भाताच्या खाचरांत कपाळावर चमकता ठिपका असलेला एक मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात उभा असतो. अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस. तोंड वर वळलेलं, डासांच्या अळ्या टिपण्यासाठीच घडवल्यासारखं. कोकणात, केरळातही आहे. हे काम तो गप्पी येण्याच्या कितीतरी आधीपासून करतो. पाळायलाही देखणा, फक्त झाकण घट्ट हवं, उडी मारतो. अंडी पाणवनस्पतींत रोज थोडी थोडी चिकटवतो, फुटायला दोन आठवडे घेतात. घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

गजाननराव_नागपूर
तत्त्व ठीक आहे, पण डेंग्यूची साथ आली की लोक माशाचं मूळ गाव विचारत बसत नाहीत. आमच्या वस्तीतल्या उघड्या विहिरीत गप्पी सोडल्यावर अळ्या दिसेनाशा झाल्या.

सत्तरीचो_रानमाणूस
विहीर ओढ्याला जोडलेली नसेल तर माझी तक्रार नाही, काका. ओढा आणि तळं एवढंच वाचवा. शिवाय डेंग्यूचा डास विहिरीपेक्षा गच्चीतल्या टायरात आणि कुंडीखालच्या बशीत जास्त. तिथे कुठला मासा सोडणार?

टवाळ_टाळकुटे
बशीत मासा आमच्याकडे तळून असतो.

मालवणी_तडका
+१. काळुंदराच्या पैदाशीवर धागा काढा कोणीतरी, मी पहिला प्रतिसाद देतो. मसाल्यासकट.

मीनल_डोंबिवली
या धाग्यावर खायच्या गोष्टी नकोत प्लीज.

मालवणी_तडका
प्रतिसाद काढून टाकला आहे.

जर्सीतला_जोशी
अवांतर: मत्स्यालय म्हटलं की तारापोरवाला. मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात रांगेत उभं राहून आत अंधारात शिरायचं, समुद्री कासवासमोर हटकून गर्दी. १९५१ सालचं ते. २०१५ मध्ये नवं करून उघडलं तेव्हा मुलांना दाखवलं होतं, आता तर बंदच पडलंय. मुंबईच्या मुलांनी आता मासे बघायचे कुठे?

मीनल_डोंबिवली
कुर्ल्याला, पिशव्यांमध्ये. रविवारी.

तिरंदाज
पिशव्यांवरून आठवलं. एका दुकानातून अल्बिनो गप्पीचा नर आणला, महाग. माझ्या साध्या माद्यांबरोबर ठेवला. सगळी पिल्लं साधी, एकही लाल डोळ्याचं नाही. दुकानदार म्हणतो, "तुमच्या पाण्याचा दोष."

प्रयोगशाळेतला_उंदीर
पाण्याचा काही दोष नाही. अल्बिनोपण सुप्त जनुकामुळे येतं. आई-बाप दोघांकडून मिळालं तरच दिसतं. पहिल्या पिढीत सगळी साधीच दिसणार, पण प्रत्येकाच्या पोटात एक जनुक असतं. त्यांचाच आपसात संकर केला तर साधारण चौथा हिस्सा लाल डोळ्यांची निघतील. अट एकच, त्या पोरींना दुसरा नर भेटलेला नको. तीन-चार आठवड्यांची झाली की नराच्या पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार होऊ लागतो. तेव्हाच मुलगे वेगळे काढा. आणि हो, तुमच्या जुन्या माद्या दुकानातूनच गाभण आल्या असतील, तर ही पिल्लं त्या महागड्या नराची नसतीलही.

तिरंदाज
म्हणजे मी ज्याला घरजावई केलं तो नुसता खाऊन बसलाय.

हिरवा_देव्हारा
एक नाजूक प्रश्न. वाकड्या पाठीची, शेपूट नसलेली पिल्लं निघतात, त्यांचं काय करता? मोठे पैदासकार ती मारतात असं ऐकलं. मला ते पटत नाही.

अण्णा_फायटरवाले
जगवता येतील तेवढी जगवतो, पण त्यांच्यापासून पुढे पैदास करत नाही. त्यांचा एक वेगळा टँक आहे. पोहताच येत नसलेली पिल्लं मोठ्या माशाला जातात. निसर्गातही तेच होतं. ज्याला हे नको त्याने पैदास मर्यादित ठेवावी, अंडी खाऊ द्यावीत. सगळी वाचवलीच पाहिजेत असं कुठे आहे?

हिरवा_देव्हारा
शेवटचं पटलं. मधलं नाही. असो.

पाणकोंबडी
मंडळी, मधे बरेच दिवस गेले. तुमच्या सगळ्या प्रतिसादांचं मिळून एक मिश्रण केलं, त्याचा हा वृत्तांत.

अण्णांचं ऐकून आधी बाटली लावली. कोबीच्या पानाचा तो वास. घरच्यांनी गॅसगळतीची तक्रार करायची तयारी केली होती. पाणी निवळल्यावर बॅटरी धरली तर खरंच कण फिरत होते. मग मीनलताईंची टोपली. नर रात्री वेगळे, सकाळी सोडले, चहाही निवांत झाला. टोपली उचलली तर तळाशी अंडीच अंडी. पांढरी काढली, पाणी फिकट निळं ठेवलं. पिल्लांच्या डब्यात पाणी मुद्दाम चारच इंच ठेवलं, म्हणजे त्यांना वर येणं सोपं. बलक अजिबात नाही. पोहायला लागल्यावर सकाळ-संध्याकाळ इन्फुसोरियाचं पाणी, रोज तिसरा हिस्सा पाणी बदल, तेही बारीक नळीने थेंब थेंब. आठवड्याभराने आर्टेमिया. खाल्ल्यावर त्यांची पोटं शेंदरी दिसतात, घरातल्या ताकीदवाल्या माणसानेही भिंग घेऊन बघितली.

थोडी गेलीच, पण चाळीसच्या वर आहेत आणि अंगावर पट्टे उमटायला लागलेत. गप्पी कुठेही सोडले नाहीत, एका शाळेने जीवशास्त्राच्या वर्गासाठी नेले.

आता गुरामीच्या नराने कोपऱ्यात फेस जमवायला सुरुवात केली आहे. यांचं फायटरसारखंच करायचं का?

गजाननराव_नागपूर
अभिनंदन! आता दोनच आठवड्यांनी ती चाळीस मिळून केवढं खातात ते बघा.

अण्णा_फायटरवाले
गुरामीचं साधारण तसंच, पण दोन गोष्टी वेगळ्या. पिल्लं फायटरपेक्षाही बारीक, त्यामुळे इन्फुसोरिया जास्त दिवस लागेल, एक बाटली पुरणार नाही. आजच दुसरी लावा. दुसरं, घरट्याजवळचा पाण्याचा प्रवाह बंद करा, फिल्टर अगदी मंद ठेवा, नाहीतर फेस विस्कटतो आणि नर कंटाळून सोडून देतो. वर काच झाका. तीन-चार आठवड्यांची झाली की पिल्लं वरची हवा घ्यायला लागतात, ती हवा उबदार आणि दमट हवी. पुण्याच्या थंडीत खिडकीतला गार झोत लागला तर एका रात्रीत जातात. झेब्रा मात्र त्या टँकमधून आधी हलवा, अंडी सोडणार नाहीत.

पाणकोंबडी
म्हणजे अजून एक डबा.

टवाळ_टाळकुटे
लोणच्याची बरणी बघा रिकामी आहे का.